स्वप्नात जागं राहायला शिकतंय का कोणी? ते हेडफोनवाले ट्रॅक खरंच चालतात का? (इंदूरकर, इकडे या)

सराफ्याचं_घुबड | ३ एप्रिल, रात्री १:१८

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय ल्युसिड ड्रीमचा. म्हणजे स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळतं की अरे हे तर स्वप्न आहे, आणि तरीही जाग येत नाही. मला आयुष्यात एकदाच झालंय, पाचवीत असताना. लोकमान्य नगरच्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून मी उडत होतो, आणि उडता उडता वाटलं की आपल्याला तर उडता येत नाही, मग हे काय चाललंय, आणि जसं ते कळलं तसं सगळं एकदम लख्ख झालं, खालच्या तुळशीवृंदावनाच्या फरशीची चीर दिसली मला, आणि तेवढ्यात आईने शाळेसाठी हलवलं. जे काय अर्ध्या मिनिटाचं होतं ते वीस वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही.

तर गेले तीन आठवडे रोज कानात काहीतरी घालून झोपतोय. यूट्यूबवर आठ-आठ तासांचे ट्रॅक पडलेत, थीटा वेव्ह, बायनॉरल बीट्स, एकात एक बाई मधूनमधून कुजबुजते की तुम्ही आता स्वप्नात आहात. निकाल शून्य. डावा कान दुखायला लागला म्हणून हल्ली फक्त उजव्या कानात लावतो. बायको म्हणते रात्रभर तुझ्या कानात डास अडकल्यासारखा आवाज येतो.

आता एक अ‍ॅप वर्षाचे साडेतीन हजार मागतंय. घेऊ का? नवशिक्याला ऑडिओने खरंच काही होतं की नुसता धंदा आहे?

मालवी_मिरची | ३ एप्रिल, रात्री १:३१

भिया साडेतीन हजारात तू वर्षभर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगाड्यांवर गराडू (तळलेला कंद) खाशील, ते पण उघड्या डोळ्यांनी.

सराफ्याचं_घुबड | ३ एप्रिल, रात्री १:३३

गराडू फक्त थंडीत मिळतात भिया, वर्षभर कुठून आणू.

पागनीसपागा_काकू | ३ एप्रिल, सकाळी ६:५०

अरे बाबा रात्री दीड वाजता जागं राहून स्वप्नांची चौकशी करताय, आधी झोपा तरी! मनी वसे ते स्वप्नी दिसे, त्याला कसलं अ‍ॅप. पण एक विचारते, आमची आई म्हणायची पहाटेचं स्वप्न खरं होतं, आणि माझा अनुभव असा की लक्षात राहतं ते पहाटेचंच, मध्यरात्रीचं काही म्हणजे काही आठवत नाही. याला काही कारण असतं का?

कानसेन | ३ एप्रिल, सकाळी ९:१२

घुबडराव, तुम्ही एकाच कानात बायनॉरल लावताय??? एका हाताने टाळी वाजवताय राव.

माझा धंदा आवाजाचा (लग्नाचे साउंड ते गाण्याच्या बैठकांचं रेकॉर्डिंग, सगळं), म्हणून सांगतो. अमीर खां साहेबांच्या गावातले आपण, तंबोरा जुळवताना सगळ्यांनी पाहिलंय असं धरून चालतो. जोडीच्या दोन तारा, एक किंचित उतरलेली असली की आवाज हलत राहतो, वाँव वाँव वाँव, अंतर जास्त तर हेलकावे जलद, आणि खुंटी पिळत पिळत सूर मिळत आला की हेलकावे लांबत लांबत जातात आणि शेवटी विरतात. ते हेलकावे हवेत खरोखर असतात, माइक धरलात तर रेकॉर्ड होतील.

बायनॉरलमध्ये गंमत वेगळी. डाव्या कानात समजा २०० हर्ट्झ, उजव्यात २०६. हवेत ते दोघं भेटतच नाहीत. दोन्ही कानांचा माल मेंदूच्या देठाशी पहिल्यांदा एकत्र येतो आणि तिथे सेकंदाला सहा असे हेलकावे ऐकू आल्यासारखं होतं. म्हणून हेडफोन हवाच आणि दोन्ही कान हवेत. स्पीकरवर लावलात तर तो झाला साधा तंबोरा, आणि एका कानात लावलात तर नुसती कूंऽऽऽ. वहिनींचा डास तो हाच. बरं सूर फार वरचा घेतला, हजार-पंधराशे हर्ट्झच्या पुढे, तर दोन्ही कान असूनही होत नाही. हे काही हल्लीच्या यूट्यूबवाल्यांनी शोधलेलं नाही, डोव्हे नावाच्या प्रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पाहिलंय. १९७३ मध्ये ऑस्टर नावाच्या माणसाने सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यावर लेख लिहिला आणि तिथून ते फॅशनमध्ये आलं.

आता सहाचे हेलकावे ऐकले की मेंदू सहाच्या तालावर चालायला लागतो (तुमची थीटा वेव्ह ती हीच) आणि मग स्वप्नात भान येतं, ही जी पुढची उडी आहे ना, तिचा पुरावा फार कच्चा. शांत वाटतं, झोप लागते, ते ठीक आहे. पण ते तंबोऱ्यानेही होतं आणि तंबोरा फुकट ऐकायला मिळतो.

रात्रपाळी | ३ एप्रिल, दुपारी ३:४०

आत्ता उठले म्हणून उशीर. मी झोपेच्या तपासणीत टेक्निशियन आहे, पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला वायरी चिकटवायच्या आणि रात्रभर स्क्रीनवर रेघा बघत बसायचं, हे माझं काम. कुठल्या हॉस्पिटलात ते विचारू नका. रेघा बघताना चहा प्यायचा, बस.

काकू, तुमच्या आईंचं अर्धं बरोबर होतं. झोपेची फेरी साधारण दीड तासाची, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी रेम येते, म्हणजे डोळे पापणीखाली भराभरा हलतात ती झोप, ठसठशीत स्वप्नं बहुतेक तिथेच पडतात. पहिली रेम जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते. पहाटेपर्यंत ती अर्ध्या तासाच्या पुढे जाते. आणि पहाटे तिच्यातूनच थेट जाग येते म्हणून आठवतं. मध्यरात्रीच्या स्वप्नावर पुन्हा गाढ झोपेचा थर चढतो. खरं होतं का ते मला विचारू नका, आठवतं एवढंच सांगू शकते.

घुबड, यातच तुमची पहिली चूक आहे. तुम्ही ऑडिओ लावता झोपताना. रात्री एकला लावलात तर पहिले तीन तास मुख्यतः गाढ झोप, तिथे ती बाई कुजबुजून काय करणार, ऐकायला घरी कोणी नाही. आवाज पोचवायचाच असेल तर पहाटेच्या रेममध्ये.

शंकेखोर_नाना | ३ एप्रिल, संध्या. ७:०५

मूळ मुद्द्यालाच माझा आक्षेप आहे. झोपलेल्या माणसाला भान होतं हे ठरवणार कोण? तो उठून सांगणार की मला भान होतं. उठल्यावर माणूस काय वाटेल ते सांगतो. माझा मेहुणा सांगतो की तो घोरत नाही.

रात्रपाळी | ३ एप्रिल, रात्री ८:२०

नाना तुमचाच आक्षेप शास्त्रज्ञांचाही होता, १९७५ पर्यंत. रेममध्ये शरीराचे स्नायू मेंदूच बंद करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना पलंगावरून खाली पडलो असतो. चालू राहतात ते श्वासाचे आणि डोळ्यांचे. तर इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्स्ली नावाच्या माणसाशी झोपण्याआधी ठरवून घेतलं की स्वप्नात कळलं की डोळे मुद्दाम डावी-उजवी डावी-उजवी फिरव. आणि रेमच्या सगळ्या खुणा कागदावर चालू असताना मधेच त्या ठरलेल्या मोठ्या मोठ्या हालचाली उमटल्या. काही वर्षांनी स्टॅनफर्डला स्टीफन लबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच करून दाखवलं. म्हणजे उठून सांगायची गरजच नाही, माणूस आतूनच कळवतोय.

आणि २०२१ चं ऐका. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स, चार देशांतल्या चार प्रयोगशाळा, ३६ माणसं. झोपलेल्या माणसाला स्वप्नात असताना बाहेरून प्रश्न विचारले, आठातून सहा गेले किती? आणि एकाने डोळे दोनदा डावी-उजवी फिरवून दोन असं उत्तर दिलं. एकूण १५८ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं साधारण १८ टक्के. कमी वाटतं, पण झोपलेला माणूस आहे हो!

शंकेखोर_नाना | ३ एप्रिल, रात्री ९:४८

१८ टक्के म्हणजे माझ्या नववीच्या वर्गापेक्षा बरे, आणि ते तर जागे असतात. (निवृत्त गणित शिक्षक.) आक्षेप अर्धा मागे.

स्वप्नवही | ४ एप्रिल, सकाळी ११:१५

वडोदऱ्याहून डोकावतेय, माहेर इंदूर, तेव्हा हाकलू नका. मी सहा-सात वर्षं करतेय, महिन्यातून दोन-तीनदा होतं, कधी कधी दोन महिने काहीच नाही.

घुबडदादा, एक प्रश्न. काल काय स्वप्न पडलं होतं?

सराफ्याचं_घुबड | ४ एप्रिल, दुपारी १२:०२

आठवत नाही.

स्वप्नवही | ४ एप्रिल, दुपारी १२:१०

परवा?

सराफ्याचं_घुबड | ४ एप्रिल, दुपारी १२:११

ताई कळलं.

स्वप्नवही | ४ एप्रिल, दुपारी १२:४०

नाही, अजून नाही कळलं :) समजा गेल्या आठवड्यात तुम्हाला स्वप्नात भान आलंही असेल. आठवतच नसेल तर आलं काय नि न आलं काय. तुकोबांना स्वप्नात गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते विसरले, त्याची हळहळ त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय, पण निदान विसरलो हे तरी त्यांना आठवलं! आपलं अख्खं ताटच गायब असतं.

तर ते अ‍ॅप-बिप राहू दे, चाळीस पानी वही आणा आणि पेन उशाला. जाग आली की डोळे न उघडता, कूस न बदलता पडून राहायचं, मोबाईल बघायचा नाही, आणि शेवटचं जे काही हाताला लागेल ते धरून मागे मागे जायचं. काही नाही आठवलं तर तेच लिहायचं, "काही नाही, पण कोणावर तरी चिडलो होतो". माझ्या वहीतली पहिली चार पानं अशीच आहेत. दहा-बारा दिवसांत रोज एक तरी यायला लागतं आणि मग दिसतं की आपली स्वप्नं त्याच त्याच ठिकाणी घडतात. माझी नेहमी परीक्षेची, आणि पेपर असतो स्वयंपाकघरात.

दुसरं म्हणजे पाच तास झोपून उठायचं, पाच-दहा मिनिटं जागं राहायचं, आणि वापस झोपताना मनात घोळवायचं की पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे, नुसतं जपमाळेसारखं नाही, नुकतंच पडलेलं स्वप्न डोळ्यासमोर आणून त्यात आपल्याला कळलं असतं तर कसं, ते रंगवायचं. ही लबर्ज यांचीच पद्धत, माइल्ड म्हणतात तिला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, त्यात हे घोळवून पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली त्यांना जवळजवळ निम्म्या वेळा जमलं, एकूण सरासरी १७ टक्क्यांची होती. म्हणजे फार वेळ मोबाईल बघत जागलात तर गेलं. मी तर फक्त पाणी पिऊन येते.

हॉस्टेलवाला_भंवरकुआं | ४ एप्रिल, रात्री ११:५५

दादा-ताई मी पण करून बघत होतो, अलार्म लावून पहाटे उठून वापस झोपायचं ते. तिसऱ्या दिवशी जाग आली तर हात हलेना, आवाज फुटेना आणि छातीवर कोणीतरी बसलेलं. रूममेटला हाक मारतोय पण तोंडातून काहीच नाही. तेव्हापासून लाइट लावून झोपतोय. हे काय होतं?

पागनीसपागा_काकू | ५ एप्रिल, सकाळी ६:३५

बाळा आमच्याकडे याला मुंजा बसला म्हणत. माझ्या चुलत सासऱ्यांना व्हायचं. रामरक्षा म्हण आणि दिवा मालवून झोप, काही होत नाही.

रात्रपाळी | ५ एप्रिल, दुपारी ४:०५

काकूंचा सल्ला चालेल, मन शांत होतं ना. पण कारण सांगते म्हणजे भीती जाईल. वर लिहिलंय ना, रेममध्ये स्नायू बंद असतात. कधी कधी मेंदू जागा होतो आणि स्नायूंचं बटण अजून बंदच, तेवढ्या अर्ध्या-एक मिनिटाचं हे. स्वप्नाचा तुकडाही डोळ्यासमोर शिल्लक असतो म्हणून कोणी बसलेलं दिसतं. छाती दाबल्यासारखी वाटते तरी श्वास चालूच असतो, श्वासाचा मुख्य स्नायू बंद होत नाही. झोप मोडून मोडून केलं, जागरण झालं, उताणं झोपलं की जास्त होतं. तुझी परीक्षा असेल ना? मग हे उद्योग सध्या बंद. कुशीवर झोप आणि झालंच तर जोर लावू नको, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर. वारंवार व्हायला लागलं किंवा दिवसा बसल्या बसल्या डुलकी यायला लागली तर मात्र डॉक्टरांना दाखव.

आणि सगळ्यांनाच, ज्यांना मुळात झोपेचा त्रास आहे किंवा कधी भास होण्यासाठी, मूडसाठी उपचार घेतलेत त्यांनी हे घरच्या घरी करू नका.

मालवी_मिरची | ५ एप्रिल, संध्या. ६:१२

एक गोळी असते म्हणे गॅलंटामिन, ती घेतली की होतंच? मित्र मागवतोय.

रात्रपाळी | ५ एप्रिल, संध्या. ६:३०

ती अल्झायमरची गोळी आहे. २०१८ च्या अभ्यासात १२१ जणांवर वापरली, फरक पडला, हे खरं. पण नाडी मंदावते, मळमळतं, आणि ती डॉक्टरने लिहून द्यायची गोष्ट आहे, मित्राने मागवायची नाही. पुढे.

सराफ्याचं_घुबड | १५ एप्रिल, सकाळी ८:०५

दहा दिवसांचा हिशोब देतो. वही आणली. पहिले तीन दिवस "काही नाही". चौथ्या दिवशी "जिना, ओला". आता रोज निदान अर्धं पान भरतं, आणि ताई तुम्ही म्हणालात तसंच, माझी सगळी स्वप्नं सराफ्यात! कधी राजवाड्याच्या बाजूने शिरतो, कधी कॉलेजचे लोक भेटतात, पण सराफा आहेच.

पण आजची गंमत ऐका. पहाटे स्वप्नात मी कुठल्यातरी लग्नात, वरात चाललीय, बँडवाला काहीतरी फार ओळखीचं वाजवतोय, आणि मी विचार करतोय की हे गाणं कुठलं, हे गाणं कुठलं, आणि जवळजवळ, अगदी जवळजवळ कळत होतं की ही वरात खरी नाही... आणि उठून बसलो तर खाली नगरनिगमची कचरागाडी!! तेच ते रोजचं गाणं. आणि मी स्वप्नातून थेट उठून ओला-सुका दोन्ही डबे घेऊन जिना उतरलोय, चप्पल न घालता.

म्हणजे आवाज आत पोचतो हे तर सिद्ध झालं. मग ट्रॅकने का नाही होत?

कानसेन | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

हाहाहा. अहो उत्तर तुम्हीच लिहिलंय. कचरागाडीच्या गाण्याला तुमच्या डोक्यात अर्थ आहे: ऊठ, डबा घे, पळ. इतकी वर्षं रोज सकाळी तालीम झालीय त्याची. यूट्यूबच्या कूं-कूंला तुम्ही कधी काही अर्थ दिलाय का?

रात्रपाळी | १५ एप्रिल, दुपारी ३:१५

कानसेनांनी नेमकं पकडलं. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अगदी हेच केलंय, प्रयोग २०२० मध्ये आला. आधी जागेपणी वीस मिनिटं तालीम: एक ठराविक आवाज वाजला की दर वेळी थांबायचं, मी आत्ता स्वप्नात आहे का हे खरंच तपासायचं, श्वास कसा, अंग कसं वाटतंय, मनात काय चाललंय. मग सकाळच्या डुलकीत रेम दिसली की तोच आवाज हळू वाजवायचा. ज्यांना वाजवला त्यांच्यातल्या निम्म्यांनी झोपेतून डोळ्यांची खूण दिली, आणि त्यात आधी कधीच न झालेलेही होते.

नंतर हेच मोबाईल अ‍ॅपवर घरी करून पाहिलं, २०२४ मध्ये छापलंय. ल्युसिड स्वप्नांचं प्रमाण आठवड्याला सरासरी ०.७४ वरून २.११ वर गेलं. आणि महत्त्वाचं, तालीम न झालेले आवाज वाजवले त्यांना एवढं साधलं नाही.

म्हणून घुबड, साडेतीन हजार खिशात ठेवा. एक छोटा आवाज निवडा, असा की ज्याला घरात आधीपासून काही अर्थ नाही. देवघरातली घंटा नको, मोबाईलची रिंग तर नकोच.

पागनीसपागा_काकू | १५ एप्रिल, संध्या. ५:२०

कुकरची शिट्टीही नको रे, माझ्यासारखी बाई असेल तर थेट गॅस बंद करायला उठेल.

सराफ्याचं_घुबड | १९ एप्रिल, रात्री १०:४०

आवाज ठरला. स्टीलच्या पेल्यावर चमचा तीनदा, टिंग... टिंग टिंग. ओट्यापाशी मोबाईल धरून रेकॉर्ड केला, मागे फ्रिजची घरघर पण आलीय, ती राहू दिली. दिवसातून दहा-बारा वेळा मोबाईलवर अवेळी वाजेल असं लावलंय. वाजलं की नाक दोन बोटांनी दाबायचं आणि श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात असलो तर दाबलेल्या नाकातूनही श्वास येतो म्हणे. आणि जवळची एखादी पाटी दोनदा वाचायची, स्वप्नात दुसऱ्यांदा वेगळी दिसते.

दुष्परिणाम: ऑफिसखालच्या टपरीवर चहावाला पेल्यात साखर ढवळतो आणि मी नाक दाबून उभा. परवा एका साखरपुड्यात चारशे माणसांत पेले वाजत होते, मला जेवताच येईना. सासूबाईंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, जावईबापूंना सर्दी आहे का.

शंकेखोर_नाना | २० एप्रिल, सकाळी ७:४५

नुसतं नाक दाबणं म्हणजे माझी मुलं पाढे म्हणायची तसं, तोंड चालू, डोकं बंद. दाबताना शंका खरी यायला हवी. मी गेले चार दिवस बघतोय, जागेपणी स्वतःला "हे स्वप्न तर नाही?" असं मनापासून विचारणं भलतंच अवघड आहे. आपण इतके खात्रीत असतो! (हो, करून बघतोय. हसू नका.)

स्वप्नवही | २० एप्रिल, सकाळी १०:०२

नाना, या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही लिहिलंत.

घुबडदादा, टायमर साडेपाच तासांनंतरचा ठेवा, आवाज इतका हळू की जागेपणी कान दिला तरच ऐकू येईल. हेडफोन नको, उशीपासून हातभर लांब मोबाईल पुरे, हे बायनॉरल थोडंच आहे.

सराफ्याचं_घुबड | २६ एप्रिल, सकाळी ७:१०

सोमवारी आवाजाने जाग आली (दोघांनाही, बायकोचं तोंड अजून फुगलंय). मंगळवारी आवाज कमी केला, काहीच नाही. गुरुवारी स्वप्नात मी बसमध्ये, कंडक्टर नाण्याने दांडीवर टिंग टिंग टिंग करतोय आणि मी त्याला म्हणतोय, अरे हो हो देतो ना तिकिटाचे. म्हणजे आवाज आत गेला आणि स्वप्नाने त्याला गिळून टाकलं!! उठल्यावर उशीवर डोकं आपटलं.

रात्रपाळी | २६ एप्रिल, दुपारी ३:५०

हे छान लक्षण आहे, आवाज जाग न आणता पोचतोय. पातळी तीच ठेवा, दिवसाची तालीम वाढवा. आठवड्यातून दोनच रात्री करा पण, रोज झोप मोडू नका.

सराफ्याचं_घुबड | ४ मे, सकाळी ६:२२

झालं झालं झालं!!!

अजून अंथरुणातच आहे, वहीत लिहिलं आणि तसंच इथे टाकतोय. सराफाच. मी चालत होतो, गर्दी, तव्यावर तूप तडतडतंय, मागे ट्यूबलाइटमध्ये सोनाराच्या दुकानात एक बाई बांगड्या घालून बघतेय. आणि कुठूनतरी टिंग... टिंग टिंग. हात आपोआप नाकावर गेला आणि गेल्या गेल्या वाटलं, एक मिनिट. सोनारांची दुकानं बंद झाल्यावर खायच्या गाड्या लागतात ना? दोन्ही एकदम उघडी कशी? नाक दाबलेलं, आणि श्वास येतोय. गार, सरळ, नाकच नसल्यासारखा.

त्यानंतर जे काही लख्ख झालं ते कसं सांगू, पाचवीतल्या गच्चीसारखंच. तव्याच्या कडेला जळालेल्या तुपाची काळी रेघ दिसत होती. एवढा आनंद झाला की सगळं फिकट व्हायला लागलं, तेव्हा ताईंनी मागे कुठेतरी लिहिलं होतं तसे दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, आणि आलं परत! पाटी वाचली, "चांदीचे गराडू". वापस वाचली, "उद्या या". मग मी उडायच्या ऐवजी (मूर्ख) गाडीवर जाऊन गराडू मागितले. मे महिन्यात. त्याने दिले. तोंडात टाकला आणि जाग.

किती वेळ होतं माहीत नाही, दीड-दोन मिनिटं असेल.

मालवी_मिरची | ४ मे, सकाळी ८:४०

भिया जमिनीवर उतरलास ना? बाकी उडायचं सोडून गराडू, पक्का इंदूरी.

शंकेखोर_नाना | ४ मे, सकाळी ९:०५

अभिनंदन. आठातून सहा केलेस का?

सराफ्याचं_घुबड | ४ मे, सकाळी ९:१०

नाना विसरलो हो.

स्वप्नवही | ४ मे, सकाळी ९:३२

आता दोन आठवडे नाही झालं तर धीर सोडू नका, पहिल्यानंतर बहुतेकांचं तसंच होतं. आणि तळहातांचं मी कधी लिहिलं होतं? या धाग्यात तर नाही.

सराफ्याचं_घुबड | ४ मे, सकाळी ९:४१

अहो नाही लिहिलंत? मी वर जाऊन दोनदा शोधलं, खरंच नाहीये. मग मी कुठे वाचलं?

(नाक दाबून बघितलं आत्ता. श्वास येत नाहीये. जागा आहे.)

पागनीसपागा_काकू | ४ मे, सकाळी १०:१५

बाकी राहू दे सगळं. गराडूला चव होती का?

सराफ्याचं_घुबड | ४ मे, सकाळी १०:१८

मसाल्याची अजिबात नाही काकू. पण गरम होता, जीभ भाजली.